भाचीच्या रुखवतात भिंगरी बहाद्दर

माझ्या भाचीच्या लग्नात मुलीकडून जे रुखवत मांडलं गेलं, त्यात खाण्याची एकही वस्तू नव्हती. खान्देशातल्या लग्नात असं होत नाही. नवरदेव थोडा कमी शिकलेला चालतो, बँड बेसूर चालतो, पण रुखवतात कुरडया-पापड नाहीत म्हटल्यावर दोन्हीकडची वडीलधारी माणसं मटकन खाली बसतात. आमच्याकडे ती बसली. कारण मी होतो.

जळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना लांबचं, जवळचं आणि (चाळिशीनंतर) दोन्ही नीट दिसावं, यावर माझं घर चालतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही घडलं ते केवळ मी एका पेटीत डोकावून न बघितल्यामुळे घडलं.

मला कॉमिक्सचा नाद आहे. माझ्या वयाची माणसं कॉमिक्स घेताना दुकानदाराला 'नातवासाठी' असं सांगतात. मी सांगत नाही. दुकानदारच स्वतःहून म्हणतो, "नातवासाठी ना काका?" आणि मी मान हलवतो. त्यातही माझा सगळा जीव एका मालिकेत. भिंगरी बहाद्दर. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी (म्हणजे सगळ्यांसाठीच) सांगतो: हा बहाद्दर स्वतःभोवती गरागरा फिरतो, त्याची वावटळ होते आणि त्या वावटळीत चोर-दरोडेखोर उडून थेट पोलीस चौकीच्या अंगणात पडतात. त्याच्यासोबत एक शेळी असते. मालिकेतलं सगळं डोकं शेळीला दिलेलं आहे. आणि काजळ्या नावाचा एक वैरी आहे, जो दर अंकात हसतो आणि दर अंकात पडतो.

मी शाळेत असताना ही मालिका बंद पडली. शेवटून दुसऱ्या अंकात काजळ्यानं भिंगरी बहाद्दरला उकळत्या गुळाच्या कढईवर उलटं टांगलं. पाय बांधलेले, त्यामुळे फिरता येत नाही. दोर जळत आलेला. शेळी कोंडलेली. आणि खाली चौकटीत लिहिलेलं, 'पुढील अंकात समाप्त'. तो पुढील अंक जळगावात आलाच नाही. छापणाऱ्यांनी गाशा गुंडाळला, थोड्याच प्रती बाहेर पडल्या, असं म्हणतात. त्यानंतर माझं शिक्षण संपलं, लग्न झालं, दुकान झालं, मुलं नोकरीला लागली, डोक्यावरचे केस गेले. भिंगरी बहाद्दर तिथेच लटकलेला.

"सुटला असेल हो," माझी बायको शोभा म्हणायची. "हिरो आहे ना तो?"

"सुटला हे मलाही कळतं. कसा सुटला, हा प्रश्न आहे."

"दोर जळला, गुळात पडला, चाटत चाटत बाहेर आला. झालं?"

अशा बाईबरोबर मी संसार केला.

आणि एके दिवशी बऱ्हाणपूरहून केशवभाऊंचा फोन आला. केशवभाऊ म्हणजे कॉमिक्स जमवणाऱ्यांमधलं दैवत. त्यांच्याकडे तो शेवटचा अंक होता. ते विकत नाहीत, फक्त अदलाबदल करतात. माझ्याकडच्या पहिल्या काही अंकांच्या जादा प्रती त्यांना हव्या होत्या. "धुळ्याला मेळावा आहे कॉमिक्सवाल्यांचा," ते म्हणाले. "सगळा संग्रह घेऊन या. आधी पेटी बघू, मग बोलू."

मेळाव्याची तारीख ऐकली आणि मी ती दोनदा विचारून घेतली. त्याच दिवशी धुळ्यातच माझ्या भाचीचं, मयुरीचं लग्न. मी तिचा सख्खा मामा. बोहल्यावर मुलीला आणायचं ते मामानं.

आता मुहूर्त काही मी काढला नव्हता. पण कार्यालय शोधायचं काम माझ्याकडे होतं, हे मात्र खरं. माझी थोरली बहीण, अक्का, पारोळ्याची. नवरदेवाकडची मंडळी शिंदखेड्याची. म्हणून दोघांना सोयीचं धुळं. मी धुळ्यात जाऊन बरोबर तेच कार्यालय ठरवलं, ज्याच्या वरच्या हॉलमध्ये मेळावा होता. खाली लग्न, वर भिंगरी बहाद्दर, मध्ये एक जिना.

"बापू, हाईच कार्यालय काब्र?" अक्कानं अहिराणीत विचारलं. ('काब्र' म्हणजे का, 'बठ्ठा' म्हणजे सगळा.)

"पार्किंग फार चांगलं आहे, अक्का."

"आपला बठ्ठा पाहुणा तं एस्टीवर येतीन."

"पण मनाला बरं वाटतं ना."

रुखवताचा खाण्याचा भाग शोभानं करायचा ठरला. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुरडया, पापड, शेवया आणि मुख्य म्हणजे बिबड्या. बिबडी म्हणजे ज्वारीचा घाटा शिजवून, कापडावर थापून, वाळवलेला पातळ पापड. हात लागला की मोडतो. अशा नाजूक मालासाठी शोभा काहीतरी शोधत होती आणि तिला माझ्या कपाटात कॉमिक्ससाठी खास मागवलेल्या जाड पारदर्शक पिशव्या सापडल्या. प्रत्येक पिशवीत मागे पांढरा पुठ्ठा.

"अहो, ह्या किती छान आहेत. बिबड्या अजिबात मोडणार नाहीत."

"त्या कॉमिक्सच्या आहेत. ओल लागून पानं खराब होतात, म्हणून मागवल्यात."

"ओल बिबडीलाही लागते."

मी एक गठ्ठा काढून तिच्या हातात दिला. पुढच्या खेपेच्या बिबड्या तिनं गोल न थापता चक्क पिशवीच्या मापाच्या थापल्या. पुठ्ठा मागे, बिबडी पुढे, वरून चिकटपट्टी. मला मनातून कबूल करावं लागलं, की माझ्यापेक्षा तिचं काम सुबक होतं.

आमच्या लग्नात सासऱ्यांनी दोन हिरव्या लोखंडी पेट्या दिल्या होत्या. जुळ्या बहिणी. एकीत रुखवत भरलं, दुसरीत कॉमिक्स. शोभानं तिच्या पेटीवर चिठ्ठी डकवली, 'नाजूक. आडवी करू नये.' मला मजकूर आवडला. मीही माझ्या पेटीवर तोच लिहून डकवला.

सकाळी टेम्पोत पेट्या चढवताना शोभा म्हणाली, "तिथे उतरवताना उघडून बघून द्या हं."

"मला दिसतं गं."

"चष्मा कुठाय?"

"खिशात."

(अर्ध्या जळगावच्या नाकावर मी बसवलेला चष्मा आहे. माझा खिशात असतो.)

कार्यालयाच्या दारात एका बाजूला 'शुभविवाह' आणि दुसऱ्या बाजूला 'कॉमिक्सप्रेमींचा मेळावा, वरचा मजला' अशा पाट्या होत्या. शोभा उतरून थेट मयुरीची साडी नेसवायला गेली. हमालांनी विचारलं, "काका, कोणती कुठे?" मी लांबूनच, एखाद्या सेनापतीसारखा हात करून सांगितलं, "ही खाली. ही वर." इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो आहे.

वर गेलो आणि जीव सुखावला. बाहेर धुळ्याचं मे महिन्याचं ऊन, आणि आत टेबलांवर मांडलेली माझी सगळी लहानपणं. माणसं तरी काय एकेक होती. एक निवृत्त मास्तर हातानं काढलेली कॉमिक्स घेऊन आले होते, स्वतःच्याच शाळेतल्या हेडमास्तरांना खलनायक करून. दोन बहिणी फक्त मागच्या पानावरच्या जाहिराती जमवत होत्या. आणि चोपड्याचा एक केळीवाला शेतकरी, पोट सुटलेला, मिशा पिळलेल्या, तो साक्षात भिंगरी बहाद्दरच्या पोशाखात उभा. पिवळी तुमान, लाल घेरदार अंगरखा, डोक्याला मोरपीस. सगळं बायकोनं घरी शिवलेलं.

"शेळी कुठाय?" मी हळूच विचारलं.

"आणेल व्हती," तो दुःखी होऊन म्हणाला. "कार्यालयवाला येऊ देत नही. खाले बांधेल शे."

अशा माणसांमध्ये, मेळाव्याचा बिल्ला लावून फिरताना, मला पहिल्यांदा वाटलं की आपण वेडे नाही. किंवा एकटे तरी नाही.

केशवभाऊ कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. सडपातळ, पांढरे सुती हातमोजे, समोर भिंग. रेशमी रुमालात गुंडाळलेला तो अंक त्यांनी मला दाखवला, फक्त मुखपृष्ठ. गुळाची वाफ, आणि वाफेत दिसतील न दिसतील असे दोन पाय. माझा हात आपोआप पुढे गेला.

"आधी पेटी," केशवभाऊ म्हणाले.

मी घसा साफ केला. आजूबाजूचे दहा-पंधरा जण गोळा झाले, मोबाइल वर झाले. चोपड्याचे भिंगरी बहाद्दर तर मोरपीस काढून हातात घेऊन उभे राहिले, देवळात राहतात तसे. "मंडळी," मी म्हणालो, "एवढ्या जपून ठेवलेल्या गोष्टी तुम्ही पाहिल्या नसतील." आणि झाकण उघडलं.

एवढ्या जपून ठेवलेल्या बिबड्या खरंच त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

केशवभाऊंनी हातमोज्यांच्या दोन बोटांनी वरची पिशवी उचलली, उजेडात धरली, भिंगातून बघितली. "पिशवी चांगली वापरलीत," ते म्हणाले. "आत काय आहे?"

"ज्वारी," मी म्हणालो.

"मस्त वाळेल शेत, भाऊ," चोपड्याचे भिंगरी बहाद्दर म्हणाले. त्यांना सांत्वन करायचं असावं.

म्हणजे माझी पेटी खाली होती. खाली, रुखवताच्या टेबलापाशी. आणि एकदा मांडलं की रुखवत मुलीकडच्यांचं राहत नाही, ते वरपक्षाचं. मांडलेल्या रुखवतातली वस्तू परत मागणारा माणूस आमच्या सात पिढ्यांत झालेला नाही. मी बिबडीची ती पिशवी हातात तशीच घेऊन जिन्यावरून धावत सुटलो.

पोचेपर्यंत उशीर झाला होता. अक्काच्या नात्यातल्या पोरींनी टेबलावर पायऱ्या करून, वर लाल चादर टाकून, थर्माकोलचे दोन हंस ठेवून माझा अख्खा संग्रह मांडला होता. वरच्या पायरीवर विशेषांक, खाली बाकीचे पंख्यासारखे पसरलेले, आणि मधोमध नारळाच्या बाजूला पहिला अंक. त्याला हळद-कुंकू वाहिलेलं. (पिशवीवर. नशीब.) खरं सांगतो, इतकी देखणी मांडणी मी कधी करू शकलो नसतो. क्षणभर मी सगळं विसरून बघतच राहिलो.

अक्कानं माझं मनगट धरून बाजूला ओढलं. "बापू, कुरडाया कथ्या गयात?"

"अक्का, हे मांडलं कोणी?"

"पेटीमा हाईच व्हतं. माले वाटनं, तुनी कायतरी नवी फॅशन काढी. अन मयुरी बोलनी, मांडा."

मयुरी बोलनी, याचा अर्थ पुढच्याच क्षणी कळला. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा अशा थाटात ती आतून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. ही पोर लहानपणी दर मे महिन्यात जळगावला यायची आणि दुकानात काउंटरखाली बसून भिंगरी बहाद्दर वाचायची. मी तिला आधी हात धुवायला लावायचो, मग पुसायला लावायचो, मग दाखवायला लावायचो. पारोळ्याला परत निघताना ती दरवर्षी विचारायची, "मामा, एक तरी नेऊ दे ना." आणि मी दरवर्षी सांगायचो, "इथेच वाच."

"मामा," ती आता रडत म्हणत होती, "तू सगळी दिलीस? सगळी?"

"अगं," मी म्हणालो. बिबडी मोडू नये म्हणून हात तेवढा लांब धरला.

तिच्या मागून शोभा आली. तिनं टेबल बघितलं. मग मला बघितलं. मग माझ्या हातातली बिबडी बघितली. बायकोला समजावून सांगायची वेळ आली नाही.

तेवढ्यात नवरदेवाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शिंदखेड्याच्या बायकांचा ताफा घेऊन रुखवत बघायला आल्या. उंच बाई, नऊवारी नेसलेल्या, घरची कापसाची शेती स्वतः बघणाऱ्या. त्या आल्या की गप्पा मारणाऱ्या बायका आपोआप थांबतात. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवले.

"हाई काय शे?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी हंसांकडे बघितलं. शोभा पुढे झाली आणि गोड आवाजात म्हणाली, "यांची कल्पना हो. भाचीवर फार जीव आहे यांचा."

पंचवीस वर्षांत मी तिला कपाटाच्या बाबतीत जे जे ऐकवलं होतं, ते सगळं तिनं त्या एका वाक्यात फेडलं.

"आमना तठे रद्दी नही का?" विहीणबाई म्हणाल्या. ताफा खदखदून हसला. "घी जा हाई परत. कुरडाया मांडश्यात तव्हय बोलवा."

वाचकहो, मी वाचलो होतो. घेऊन जा परत! विहीण स्वतःच्या तोंडानं सांगत होती. दोन मिनिटांत सगळं भरून ही पेटी वर आणि ती पेटी खाली, केशवभाऊ खूश, अक्का खूश, शेवटचा अंक माझ्या हातात. मी पहिला गठ्ठा उचललासुद्धा. उचलताना फक्त एक चूक केली. मयुरीकडे बघितलं.

पारोळ्याच्या बसमध्ये चढताना 'इथेच वाच' ऐकल्यावर तिचा जो चेहरा व्हायचा, तोच चेहरा त्या मुंडावळ्यांखाली होता.

"विहीणबाई," माझ्या तोंडून निघालं, "एक जरा वाचून दाखवू का?"

शोभाच्या भुवया टिकलीपर्यंत आल्या.

मी बिबडी अक्काच्या हातात दिली, खिशातून चष्मा काढून (त्या दिवशी पहिल्यांदा) नाकावर चढवला आणि पहिला अंक उघडला. सुरुवात साधीच केली होती. पण भिंगरी बहाद्दर साधं वाचता येत नाही. काजळ्याचं हसू आलं की घोगरा आवाज काढावा लागतो, शेळी आली की नाकातून बोलावं लागतं, आणि वावटळ आली की जागच्या जागी एक गिरकी तरी घ्यावीच लागते. मी घेतली. चष्मेवाला, फेटा बांधलेला, नवरीचा मामा. दोन पानं झाली तोवर ताफा हसायचा थांबला होता. चार पानं झाली तोवर खुर्च्या ओढल्या गेल्या होत्या. चोरांनी शेळीला विहिरीत सोडल्यावर विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

"फुढे काय व्हयनं?"

मी पान उलटलं.

दारात वरात येऊन थांबली. बँड वाजून वाजून दमला. घोड्यावर नवरदेव घामानं भिजून चिंब, आणि त्याची आईच आतून उठेना, म्हणून ओवाळणी अडलेली. भटजी दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मुलीच्या मामांनी चलावं. मुहूर्त टळेल."

"थांबा हो महाराज," विहीणबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "ती शेळीले भाईर निघू द्या पह्यले."

नेमके त्याच वेळी मला शोधत चोपड्याचे भिंगरी बहाद्दर जिन्यावरून खाली आले. लाल अंगरखा, पिवळी तुमान, मोरपीस. बायकांनी एकदा पुस्तकातल्या चित्राकडे बघितलं, एकदा जिन्याकडे.

"माय वं," कोणीतरी म्हणालं. "हाऊच शे का तो?"

"फिरी दखाड," विहीणबाईंनी फर्मान सोडलं. त्या भल्या माणसानं कशाला, का, काही विचारलं नाही. त्यानं हात पसरले आणि अशी गिरकी घेतली, की घेरदार अंगरख्याच्या वाऱ्यानं थर्माकोलचा एक हंस उडून भटजींच्या पायाशी पडला. शिंदखेडा टाळ्या वाजवू लागला. माझे डोळे भरून आले, ते मात्र खऱ्या आनंदानं. आपल्या आवडत्या गोष्टीला टाळ्या मिळताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

अंक संपला. विहीणबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, पिशवीत घातला, चिकटपट्टी लावली. "मामा, भलतं मोठं मन करं तुम्ही," त्या म्हणाल्या. आणि ताफ्याकडे वळून, "हाई बठ्ठं आमनं शे आते. कोन्ही हात लावू नका." लगेच एक जाऊबाई पहाऱ्याला बसवली गेली.

मी वाईट वाचलं असतं, तर संग्रह माझ्याकडे राहिला असता. मला वाईट वाचता येत नाही, हाच तो दोष.

मंगलाष्टकांनंतर मला बिबड्या आठवल्या. निदान त्या तरी वरपक्षाला पोचवाव्यात म्हणून वर गेलो, तर पेटी रिकामी. मेळाव्यातल्या मंडळींनी कार्यालयाच्या आचाऱ्याकडून शेगडी मागून घेतली होती आणि बिबड्या-पापड भाजून, कुरडया तळून, शेंगदाण्यांबरोबर संपवल्या होत्या; शेवयांची खीरही झाली होती. पिशव्या तेवढ्या नीट घडी करून ठेवल्या होत्या. जाणकार माणसं.

"बापूभाऊ, आम्हाला वाटलं तुम्ही वाटायलाच आणल्यात," केशवभाऊ ओशाळून म्हणाले. "कुणीतरी आत्ता सांगितलं, या रुखवतातल्या होत्या. आता रुखवत खाऊन हात हलवत कसं जायचं?"

"असू द्या हो," मी म्हणालो. मला रेशमी रुमाल तेवढा दिसत होता. म्हटलं, अदलाबदलीला आता माझ्याकडे काही नाही, पण बसून नुसता वाचू तरी देतील. "केशवभाऊ, तो अंक जरा..."

पण ते उठून जिन्याला लागले होते.

स्टेजवर आहेर सुरू होते. मी मामा म्हणून नवरीच्या शेजारी उभा. रांगेत पांढरे हातमोजे दिसले. केशवभाऊंनी मयुरीच्या हातात तो रेशमी रुमाल ठेवला आणि ते माझ्याकडे वळले.

"सगळा संग्रह भाचीला देणारा माणूस मी आज बघितला. आता हा एक अंक घरी ठेवून मी काय करू? संच पुरा झाला पाहिजे."

मी रडलो. सगळे म्हणाले, मामा फार हळवे आहेत.

मयुरीनं तो रुमाल नव्या सुनेच्या अदबीनं सासूबाईंच्या हाती दिला. विहीणबाईंनी तो आपल्या मोठ्या काळ्या पर्समध्ये टाकला. पर्सची चेन बंद झाल्याचा आवाज इतक्या बँडच्या गोंगाटातही मला स्पष्ट ऐकू आला.

"तू बोलली का नाहीस?" परतताना टेम्पोत मी शोभाला विचारलं.

"पेटी उघडून बघा म्हटलं होतं की नाही?" ती म्हणाली. पारोळ्याचा किल्ला मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "पण वाचलंत छान हो. मी कधी ऐकलंच नव्हतं." कॉमिक्सच्या रिकाम्या कपाटात आता तिच्या कुरडया असतात.

मी भाचीला भेटायला शिंदखेड्याला गेलो, तेव्हा बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट दिसलं. कपाटात माझा संग्रह, पहिल्यापासून शेवटच्या अंकापर्यंत, रांगेत. किल्ली विहीणबाईंच्या कमरेला. मयुरीनं त्यांना नियम शिकवून ठेवले होते: आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग दाखवायचे. मी तिघींना हात दाखवले. मयुरी, तिची सासू आणि पहाऱ्यावरची जाऊबाई.

"विहीणबाई, शेवटचा एक तेवढा जळगावला नेऊ द्या. वाचून आणून देतो."

"आठेच वाचा," त्या म्हणाल्या. मयुरी खाली मान घालून हसत होती.

"बरं, इथेच वाचतो."

"आज नही. आम्ही वळीनं वाची ऱ्हायनूत. मयुरी वाचस, गल्लीन्या बाया ऐकतस. आम्हाले कळाना पह्यले तुम्हाले कळाव नही."

हे न्यायाला धरून होतं. पण मयुरी एकटी वाचणार, तीही कामं आटोपून, म्हणजे शेवटच्या अंकाला पुढचा उन्हाळा उजाडणार. "तुम्ही स्वतःच का वाचत नाही?" मी विचारलं. बारीक अक्षर दिसत नाही म्हणाल्या. मला काय ती अक्कल सुचली! पुढच्या खेपेला तपासायचं सगळं सामान घेऊन गेलो, त्यांचे डोळे तपासले, आणि दुकानातल्या सगळ्यात चांगल्या काचा, हलकी फ्रेम, स्वतः घासूनपुसून चष्मा बसवून दिला. विहीणबाईंनी एक पान धरलं, दूर नेलं, जवळ आणलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मनापासून हसल्या. "शेळीनी दाढीबी दिसी ऱ्हायनी," म्हणाल्या. आयुष्यात इतक्या समाधानानं मी कोणाला चष्मा दिला नव्हता.

आठवड्यातच त्यांचा फोन आला. मालिका संपली होती.

"मामा, शेवट वाचा मी. भलता भारी शे."

"मग येतो मी उद्याच."

"आते नही. बायास्ना नंबर लागेल शे. बठ्ठी गल्ली वाची, मंग तुम्ही." आणि मग, विश्वासात घेऊन, "आयका, तो दोर जळस ना, तव्हय ती शेळी..."

मी फोन कानापासून दूर धरून जोरजोरात खोकू लागलो. दुकानातलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

तर सध्या परिस्थिती अशी आहे. शिंदखेड्याच्या त्या गल्लीत भिंगरी बहाद्दर केव्हाच सुटला आहे, धुणी धुताना बायका त्याच्यावर बोलतात, पोरं अंगणात गिरक्या घेतात. फक्त जळगावात एका चष्म्याच्या दुकानात तो अजून गुळाच्या कढईवर उलटा लटकलेला आहे. आणि त्याची सुटका माझ्याआधी विहीणबाईंनी बघितली, तीही मीच बसवून दिलेल्या चष्म्यातून.